अडसराचा जोडीदार

झ्दिस्लावाला हट्टी म्हणणारे ब्र्नोच्या त्या ऑफिसात कमी नव्हते, आणि खरं सांगायचं तर ती होतीच हट्टी. कर्नेलमधला, म्हणजे संगणक चालवणाऱ्या मूळ प्रणालीच्या गाभ्यातला, नेटवर्क कार्ड चालवणारा कोड तिने खपून लिहिला होता. जुन्या मशीनवर तो सुरळीत चालायचा, पण नव्या जातीच्या प्रोसेसरांवर मधूनच गोठायचा. जर्मनीत बसून त्या विभागाचा कोड सांभाळणाऱ्या फोल्कमारने साफ कळवलं होतं: शुक्रवारपर्यंत खरं कारण सांगा, नाहीतर कोड कर्नेलमधून बाहेर. मग तिची नि बोहदानची दोघांची टीम ऑफिस कशाला पोसेल?

बोहदानने पडद्यावर काहीतरी छापणारी एक ओळ कोडमध्ये घातली, आणि काय आश्चर्य, गोठणं थांबलं.

"राहू दे की ती ओळ," तो म्हणाला. "चालतंय ना? चल, कॅन्टीनमधले क्नेडलीक संपतील."

"छापण्यात वेळ जातो म्हणून चालतंय. उद्या आणखी वेगवान मशीन आलं की पुन्हा बोंब."

"उद्याचं उद्या बघू गं बाई."

"तू जा. माझ्या वाटचे पण खा."

दुखणं काय आहे, हे तिला कळत होतं. एक प्रोसेसर आधी माहिती लिहितो, मग 'तयार' अशी खूण करतो. नव्या मशीनवर दुसऱ्या प्रोसेसरला कधीकधी खूण आधी दिसते, माहिती मागून. ताट वाढायच्या आधीच जेवायला बोलावल्यासारखं. म्हणून मध्ये अडसर घालायचा: आधीचं आधी, नंतरचं नंतर. पण लिहिणाऱ्या बाजूचा एकटा अडसर काही कामाचा नाही, वाचणाऱ्या बाजूला त्याचा जोडीदार लागतोच. आणि कर्नेल लिहिणाऱ्यांचा रिवाज असा, की प्रत्येक अडसराच्या डोक्यावर त्याचा जोडीदार कुठे आहे ते लिहून ठेवायचं.

तिने पहिल्या अडसरापासून सुरुवात केली. टीप वाचायची आणि जोडीदार खरंच जागेवर आहे का, ते जाऊन बघायचं. डोळे चुरचुरायला लागले तरी ती उठली नाही. बोहदान ढेकर देत परतला तेव्हा ती एका जागी थांबली होती. टिपेत जोडीदार होता, जागेवर नव्हता.

तिने त्या ओळींचा इतिहास काढला. जोडीदार तिनेच घातला होता, पण त्याच्या डोक्यावर टीप लिहायला ती विसरली होती. पुढे साफसफाईत 'कशासाठी आहे ते लिहिलेलं नाही' म्हणून तो कुणीतरी काढून टाकला होता. कुणी? फोल्कमारने.

अडसर परत बसवून, टीप लिहून, बोहदानची ओळ काढून तिने नवं मशीन दिवसभर पिळून काढलं. ते एकदाही गोठलं नाही.

दुरुस्तीखाली, कोणाच्या कोणत्या बदलाने बिघडलं, ते नावानिशी लिहायचं असतं. बोहदानचा चेहरा उतरला. "त्याचं नाव नको घालूस. भडकला तर कोड गेलाच म्हणून समज."

"कारण मागितलंय ना त्याने? मग अर्धं कसं सांगू?"

तिने आधी स्वतःचं नाव लिहिलं, खाली फोल्कमारचं, आणि सगळ्यांना दिसेल असं पाठवून दिलं.

शुक्रवारी दुपारी उत्तर आलं. तिला उघडवेना. बोहदाननेच उघडलं आणि दोनदा वाचलं.

"काय म्हणतोय?"

"काहीच नाही. दुरुस्ती घेतलीय. फक्त एक बदल केलाय."

ती वाकून बघायला लागली. बिघडवणाऱ्यांची दोन्ही नावं होती, फक्त फोल्कमारने स्वतःचं वर नेलं होतं.