मरणाऱ्याच्या तोंडचा आकडा

रियाचं बारसं झालं त्या वर्षी सरकारने देशभरच्या लॉटरीचा परवाना चार कंपन्यांच्या एका गटाला दिला. पनवेलच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यात ही बातमी आली ती मशीन घेऊनच. बायका जिथे सुका जवळा विकत, तिथे काचेचं दुकान झालं. दर अर्ध्या तासाला सोडत.

आकडा लावणं गावाला नवं नव्हतं. पण पूर्वी मटका चाले तो तोंड चुकवून. बाप लेकापासून लपवी. परवान्याने ती लाज काढून घेतली. सरपंचांनी नारळ फोडला आणि दुकानदार दिनानाथ म्हणाला, "आता सरकारमान्य हाय. पाप बिप काय नाय."

गावात एक जुनी समजूत होती. मरणारं माणूस शेवटी जो आकडा बोलेल तो लागतो. मात्र तो त्याने स्वतःच्या घरात, स्वतःच्या छपराखाली बोललेला हवा. पूर्वी हे कुजबुजीत सांगत. आता आजाऱ्याला बघायला येणारे ओटीवर उघड वाट पाहू लागले.

पुढच्या भाद्रपदात रियाची आजी हौसा तापाने पडली. तिला धाप लागली. गावातल्या आशा सेविका सत्यवती तपासून म्हणाल्या, छातीत कफ भरलाय, आजच कळंबोलीच्या इस्पितळात न्या, बरी होईल. हौसाचा मुलगा, रियाचा बाप परेश रिक्षा चालवी. रिक्षा दारात उभी होती. सकाळी तो म्हणाला, पाऊस थांबू दे. पाऊस थांबल्यावर म्हणाला, जेवून निघू. सून अंकिताने चावी मागितली, ती त्याने कमरेला खोचली.

ओटीवर शेजारी जमले होते. कुणी म्हणालं, "म्हातारीनं जलमात कोलंबी कमी नाय मापली. आकडा पन खरा देल." सगळे हसले.

परेश आईच्या कानाशी वाकला. "आये, येक आकडा बोल. मंग लगेच नेतो तुला."

हौसाने डोळे उघडले. "माजा मरान इकतंस काय रं? मना जगायचा हाय. आकडा नाय देनार."

त्यानंतर तिने ओठ मिटले ते पाण्यासाठीही उघडले नाहीत.

अंकिता नाक्यावर धावली. तिथले रिक्षावाले म्हणाले, परेसच्या घरच्या भानगडीत आमी कसे पडू? तेही आकड्याचीच वाट बघत होते. शेवटी मासळीचा एक टेम्पोवाला तयार झाला. तो दारात पोचला तेव्हा आत रडारड सुरू झाली होती.

आकडा मिळाला नाही, म्हणून गावाने म्हातारीचं वय लावलं. तेही लागलं नाही.

कोळीवाड्यात मयत झालं की होड्या पाण्यात जात नाहीत. त्या दिवशीही गेल्या नाहीत. दुकान मात्र चालू राहिलं. परवान्यात मयताची सुट्टी नव्हती. अंकिता दुकानाची तक्रार घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेली. परवाना खरा आहे, एवढंच तिला सांगण्यात आलं. मग चूक कुणाची, हे तिने विचारलं. तेच आता वाचणाऱ्याने स्वतःला विचारावं.

हौसा बुधाजी कोळी गौरीविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, आपल्या घरात वारली.