नमुना पाठ

"आन् ह्यो बिनदाढीचा कोन, मास्तर?" तसबिरीवरची धूळ फडक्यानं पुसत शांतवननं विचारलं.

एलिया मास्तर म्हणाले, हा अमेरिकेतला वॉटसन. मन नावाची वस्तू शास्त्रात धरायचीच नाही, माणूस काय करतो तेवढं बघायचं, असं याचं म्हणणं.

शांतवननं भिंतीवरच्या पाचही तसबिरी पुन्हा न्याहाळल्या. मनाची प्रयोगशाळा काढणारा जर्मनीतला वुंट, दाढी. मन माणसाच्या काय कामाला येतं ते विचारणारा जेम्स, दाढी. मनाला तळघर असतं म्हणणारा फ्रॉइड, दाढी. कुत्र्याला घंटा ऐकवून त्याच्या तोंडाला पाणी सोडवणारा रशियातला पाव्हलॉव्ह, दाढी, तीही पांढरीशुभ्र. मन नको म्हणणारा तेवढा एकटाच तुळतुळीत. म्हणजे मन दाढीत असतं, एवढं मानसशास्त्र शांतवनला त्या सकाळी समजलं, आणि ते मास्तर व्हायला आलेल्या निम्म्या उमेदवारांपेक्षा जास्तच होतं.

नगरची ही ट्रेनिंग शाळा मास्तर घडवायची. सावेडीकडची ज्वारीची वावरं तिच्या कुंपणाला येऊन टेकलेली. साल त्रेचाळीस. शांतवन तिथला एकुलता एक शिपाई. झाडलोट, पाणी भरणं आणि घंटा ही त्याची कामं. घंटा म्हणजे लिंबाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा. बावीस वर्षांत त्याचा टोला चुकला नव्हता. लढाईपायी सरकारनं घड्याळं तासभर पुढं केली तेव्हा अख्खं नगर आठवडाभर गोंधळलं, शांतवन एक मिनिटही गोंधळला नाही.

एलिया मास्तर मुंबईहून बी. टी. ही मास्तरकीची पदवी घेऊन मानसशास्त्र शिकवायला आलेले, वय सत्तावीस. दर गुरुवारी शाळा सुटली की ते दोन कप चहा घेऊन शांतवनच्या खोलीपुढच्या बाकावर येऊन बसत. म्हणत, शांतवनदादा, सांगा काहीतरी. बावीस वर्षांत शांतवनला लोकांनी किती वाजले याखेरीज काही विचारलं नव्हतं. तो सांगू लागला. मास्तर हुंकार देत आणि वहीत लिहीत. त्याला वाटायचं, शिकलेली माणसं ऐकताना लिहितातच, जशी म्हातारी माणसं ऐकताना पेंगतात.

अशाच एका गुरुवारी त्यानं मरियमचं सांगितलं. मरियम त्याची बायको. नऊ वर्षांपूर्वी विषमज्वरानं अंथरुणाला खिळलेली. अकराला दोन मिनिटं कमी असताना तिनं पाणी मागितलं. तो म्हणाला, घंटा देऊन आलोच. अकरा टोले, एकाचा नाद विरल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही, हा त्याचा शिरस्ता. परत आला तेव्हा पाणी प्यायला कुणी उरलं नव्हतं. तिच्या माहेरी, मिरजगावला, त्यानं सांगितलं की दोन घोट प्याली आणि शांतपणे डोळे मिटले. माहेरच्यांनी त्या दोन घोटांवर नऊ वर्षं काढली. तिची भाची दीना आता याच शाळेत मास्तरीण व्हायला आली होती. दर रविवारी उपासना झाली की काकाला डबा आणायची आणि त्या दोन घोटांची गोष्ट पुन्हा ऐकायची. शांतवन मात्र टोला देऊ लागला की त्याचं तोंड कोरडं पडायचं. नऊ वर्षं, दर तासाला.

"ह्ये म्या कुनालाच सांगितलं न्हाई, मास्तर. दीनाला तर कळायलाच नगं."

मास्तरांनी एक हात त्याच्या खांद्यावर ठेवला. दुसऱ्या हातानं लिहिलं.

पुढच्या सोमवारी दिपोटी साहेब आले. शाळा तपासणं हे त्यांचं काम, आणि ते आले की एका मास्तरानं त्यांच्यापुढं नमुना पाठ घ्यायचा ही रीत. यंदा पाळी एलिया मास्तरांची. त्यांनी शांतवनला सांगून ठेवलं होतं की वर्गात येऊन हातघंटेचे पाच टोले द्यायचे. साहेबापुढं घंटा द्यायची म्हणून शांतवननं कोट धुतला, पट्ट्याचं पितळ राखेनं घासलं आणि साबण नव्हता तरी दाढी केली.

मास्तरांनी पाठ झकास सुरू केला. तसबिरींकडे काठी करत एकेका पंथाचा संस्थापक सांगितला. पाव्हलॉव्हपाशी ते थांबले. म्हणाले, कुत्रा रशियात आहे, पण देवाच्या दयेनं आपल्या शाळेत त्याहून सरस उदाहरण आहे. कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं, या शिपायाचं तोंड कोरडं पडतं. शोध उलटा होता, पण मास्तरांच्या मते शोध होता. मग त्यांनी वही उघडली आणि ज्वर, अकराला दोन मिनिटं, मागितलेलं पाणी, टोले, सगळं क्रमानं वाचून दाखवलं. माहेरी सांगितलेले दोन घोटही वाचले. ते फ्रॉइडखाली येत होते.

"दे टोले," मास्तर म्हणाले. आज दादा नव्हतं.

पाय दाराकडे निघाले होते, पण हातात घंटा होती आणि समोर साहेब होते. शांतवननं पाच टोले दिले. नाद विरू देत दिले. मुलींच्या बाकाकडे त्यानं पाहिलं नाही.

दिपोटी साहेब खुर्चीतून उठले, चष्मा सावरला. "जीभ दाखवा."

शांतवननं जीभ दाखवली. साहेबांनी वाकून पाहिली. कोरडी आहे म्हणाले. तीस उमेदवारांनी वहीत लिहिलं, कोरडी. मग साहेबांनी टाळी वाजवली, म्हणून सगळ्यांनी वाजवली. एकोणतीस जणांनी.

मधल्या सुट्टीत दीना रांजणापाशी आली. तो पाणी भरत होता.

"काका, मावशीनं दोन घोट घेतले हुते ना?"

"न्हाई."

"येकबी न्हाई?"

"येकबी न्हाई, बाई."

ती जायला वळली. मग म्हणाली, "आईला आता काय सांगू म्या?" त्यानं घागर रांजणात रिकामी केली. पाण्याचा आवाज थांबला तोवर ती निघून गेली होती. कालचा डबा त्यानं घासून तिच्यासाठी ओट्यावर ठेवला होता, तो तिथंच राहिला. पुढच्या रविवारी नवा डबाही येणार नव्हता.

त्याआधीच्या गुरुवारी शाळा सुटल्यावर एलिया मास्तर दोन कप चहा घेऊन आले. खुशीत होते. साहेबांनी शेरा उत्तम दिला होता. शांतवन खोलीपुढचं अंगण झाडत होता. मास्तर म्हणाले, दादा, रागावलात की काय, मी तुमचं नाव कुठं घेतलं, नुसतं शिपाई म्हणालो.

"शाळंत शिपाई किती हायेत, मास्तर?"

मास्तरांनी प्रामाणिकपणे विचार केला. "एकच."

मग ते बाकावर बसले, वहीचं कोरं पान काढलं, पेन्सिलीला टोक केलं. म्हणाले, आज लहानपणापासून सुरू करू, आई कशी होती ते सांगा.

शांतवन झाडत झाडत बाकापाशी आला.

"पाय वर घ्या."

मास्तरांनी दोन्ही पाय वर घेतले. शांतवननं बाकाखालचा केर काढला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुन्हा त्या टोकापासून या टोकापर्यंत. मग तो पाठ न वळवता झाडत झाडत फाटकाकडे मागं सरकत गेला. पाय खाली घ्या असं काही तो म्हणाला नाही, आणि मास्तर मांडीवर वही, हातात पेन्सिल अन् पाय अधांतरी असे बसून राहिले. चहावर साय धरली.