सात नंबरच्या खाटेचं गाऱ्हाणं

भेटीची वेळ झाली की आमच्या सर्जिकल वॉर्डात सात नंबरच्या खाटेभोवती माणसं दाटायची. ऑपरेशन झालेला माणूस त्या खाटेवरून उठला की पडतो, अशी रत्नागिरीभर बोंब होती. उपाय एकच, गंगाराम भगत. तो नारळ फोडायचा, पाण्याचं रिंगण खाटेभोवती शिंपडायचा आणि गाऱ्हाणं घालायचा.

"बा जागेवाल्या, तुझ्या जागेत हा दवाखाना बांधलाय. चूक पदरात घे, ह्या लेकराला पायावर उभं कर."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणायचे.

"आता कोणी शिवायचं नाही. झटक्यात उठ रे."

उठला तर देव पावला. पडला तर जागेवाला कोपला, कोंबडा आणा. दोन्हीकडून गंगारामाचंच पोट भरायचं.

मी तिथली नर्स, सावित्री. माझ्या आप्पांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांना तीच खाट मिळाली. माझी ड्युटी नव्हती. काकीने भगताला आणलं. आप्पा झटक्यात उठले, पडले, खुबा मोडला. दाभोळच्या खाडीत होडी हाकणारा माणूस आज पडवीत बसून असतो, मोरीपर्यंत न्यायलाही कोणीतरी लागतं. गंगाराम मला म्हणाला, "बाय, तुझ्या बापाचंच काहीतरी चुकलं असणार." ते मी ऐकून घेतलं, पण विसरले नाही.

पुढच्याच वर्षी, सत्त्याऐंशी साली, गंगाराम स्वतः हर्निया घेऊन आला. मी त्याला सात नंबरची खाट दिली.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी, भेटायला आलेल्या सगळ्यांसमोर, मी नारळ फोडला आणि गुळगुळीत फरशीवर रिंगण शिंपडलं.

"उठा भगत. झटक्यात. कोणी शिवणार नाही."

खोटं कशाला बोलू, पडावा मेला असंच वाटत होतं.

गंगारामाने खाली सोडलेले पाय वर ओढून घेतले. "आधी ती फरशी पूस गो. पाय सरकेल."

"पुसते. मग झटक्यात उठणार ना?"

"भोवळ येईल. कालपासून आडवा आहे, पोटात अन्न नाही. हात दे मला."

"हे तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?"

 तो खिडकीकडे बघून पुटपुटला, "ह्या खाटेवरून पहिल्यांदा सदू पडला तेव्हापासून."

सदू पडला होता शेजारचा नळ गळून ओल्या झालेल्या फरशीवर. त्यानंतरचे सगळे पडले ते गंगारामाने ओल्या केलेल्या फरशीवर.

पलीकडच्या खाटेवरच्या नवऱ्याला भेटायला आलेली चिमाआजी गाऱ्हाण्याच्या सुरात म्हणाली, "व्हय म्हाराजा." सगळा वॉर्ड हसला. गंगारामाने चादर तोंडावर घेतली.

मी फरशी कोरडी केली. त्याला काठावर बसवलं, पाय खाली सोडून पाच मिनिटं तसाच ठेवला, चपला घातल्या आणि दंडाला धरून उभा केला. तो चार पावलं नीट चालला. माझ्या आप्पांना एवढंच हवं होतं.

तेव्हा बाबांनो, ऑपरेशन झालेल्या माणसाला हळू उठवा, आधी बसवा, फरशी कोरडी आहे का बघा आणि नर्सला हाक मारा. शिवायचं नाही म्हणणाऱ्याला दाराबाहेर काढा. आणि नारळ घरी न्या, कालवणाच्या वाटपाला लागेल.