कॉस्टिकने खाल्लेला टोप

मित्रांनो, मी ॲल्युमिनियमचा एक जुना टोप आहे. मला बघून नाक मुरडू नका. माझं अंग आतून काळंठिक्कर पडलं आहे, देवी आल्यासारखे खड्डे आहेत, आणि बुडाला एक भोकही आहे. पण एके काळी माझ्यात बघून भांग पाडता येत असे.

उल्हासनगरला, कॅम्प तीनच्या बाजारात, एका भांड्यांच्या दुकानात मी छताला टांगलेला होतो. नव्या लग्नाची कुंदा आली. तिने मला टकटक वाजवलं, उलटा करून बूड पाहिलं आणि म्हणाली, "पातळ वाटतोय हो."

सिंधी दुकानदाराने कपाळावर हात मारला. "अदी, पतला? इसको ट्रक के नीचे रख, ट्रक पंक्चर होगा!" अदी म्हणजे सिंधीत बहीण. बहीण म्हटल्यावर कुंदाला हसू आलं आणि मी तिच्या मांडीवर बसून रिक्षाने अंबरनाथला आलो.

तिचे यजमान दिनानाथ तिथल्या कारखान्यात अधिकारी होते. पगार बेताचा आणि पाहुणे फार. गणपतीत पंगतीचा भात माझ्यात शिजे, दूध माझ्यात तापे, दिवाळीत पहाटे आंघोळीचं पाणीही माझ्यातच. शेजारणी मला उसना न्यायच्या, तेव्हा कुंदाताई बजावायच्या, "घासताना राख लावा हो, वाळू नको. माझा उजवा हात आहे तो." एवढ्या कौतुकाने मी नुसता फुगून जायचो.

पुढे त्यांचा मुलगा शौनक मोठा झाला, नोकरीला लागला. सगळे चिखलोलीच्या नव्या इमारतीत राहायला आले. तिथे कुकर आला, गिझर आला, स्टीलची एकात एक बसणारी भांडी आली. मला बाल्कनीत जागा मिळाली. भिंतीला चुना लावायचा? तो जुना टोप घे. धुळवडीचा रंग कालवायचा? टोप आहे की. जुना आहे, चालेल. माझं काही म्हणणं नव्हतं. काम मिळतंय हेच पुष्कळ.

एक मात्र मला बाल्कनीतून दिसायचं. कुंदाताईंचंही थोडंफार माझ्यासारखंच झालं होतं. सून वैदेही गुणाची पोर. सासूला जपायची. "आई, तुम्ही बसा," असं दिवसातून कितीदा तरी म्हणायची. आणि मग बसल्या बसल्या मटार सोलणं, दुधावर लक्ष ठेवणं, कुरिअरवाल्याला दार उघडणं, ही उरलीसुरली कामं त्यांच्या वाट्याला यायची.

वैदेहीला घरी साबण करायचा छंद लागला होता. खोबरेल आणि एरंडेल मोजून घ्यायचं, कॉस्टिक सोड्याचं पाणी करून थंड होऊ द्यायचं, दोन्ही एकत्र घोटायचं आणि पेढ्याच्या खव्यासारखं दाट झालं की साच्यात ओतायचं. दुसऱ्या दिवशी वड्या कापायच्या आणि चार-सहा आठवडे वाऱ्यावर ठेवायच्या, म्हणजे साबण कडक आणि सौम्य होतो. दिवाळीसाठी ती सपाट साच्यात पांढरं मिश्रण पसरायची आणि छोट्या कुपीतून हळदीच्या, मंजिष्ठेच्या रंगाची धार सोडून वर पणत्या आणि कमळं काढायची. कुंदाताई दारात उभ्या राहून ते बघत. त्यांचं बोट पदरावर आपोआप फिरत असे.

गेल्या वर्षी गणपती गेले आणि वैदेही म्हणाली, "आई, दिवाळीच्या पहिल्या आंघोळीचा साबण येत्या रविवारी करते."

कुंदाताईंनी कालनिर्णयाकडे पाहिलं. "रविवारी पितृपंधरवडा असेल गं."

"साबणाला कसला आलाय पितृपंधरवडा!" वैदेही हसली आणि ऑफिसला पळाली.

कुंदाताई हसल्या नाहीत. दिवाळीची पहिली आंघोळ, त्यात सुनेने हौसेने केलेला साबण, आणि त्याची सुरुवात पितरांच्या दिवसांत? त्यांच्या मनाला ते लागून राहिलं. पंधरवडा लागायच्या आदल्या दुपारी त्यांनी ठरवलं की आपणच सुरुवात करून टाकावी. बघून बघून सगळं पाठ झालं होतं. त्यांनी खिडक्या उघडल्या, वैदेहीचा साबणाच्या वेळचा जाड चष्मा आणि हातमोजे घातले, कॉस्टिक बरोबर तोललं. पाण्यात कॉस्टिक घालायचं, कॉस्टिकवर पाणी नाही, हेसुद्धा त्यांना ठाऊक होतं. अडलं ते भांड्यापाशी. वैदेही प्लास्टिकचा जाड जग वापरायची. पण कॉस्टिकचं पाणी किती तापतं ते त्यांनी पाहिलं होतं. प्लास्टिक वितळलं तर? आणि स्टीलची भांडी तर फराळाची. त्यांना कॉस्टिक लावायचं कसं?

त्यांची नजर माझ्यावर आली. "चल रे बाबा," त्या म्हणाल्या, "तू आहेस ना."

मित्रांनो, किती वर्षांनी त्यांनी मला असं हाक मारून उचललं होतं! मी आनंदाने आत गेलो. कॉस्टिक पाण्यात पडलं आणि माझ्या अंगाची आग आग झाली. फसफसून करडा फेस वर आला. नाकाला झोंबणारी वाफ निघाली. फेस काठावरून उतू गेला आणि हातमोज्याच्या वर, कुंदाताईंच्या मनगटावर उडाला.

दिनानाथ हातातलं वर्तमानपत्र टाकून धावले. "कुंदा, मागे हो! अगं, ॲल्युमिनियम! कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातं!" त्यांनी आधी तिला ओढून नळाखाली हात धरायला लावला. फेस निवला तेव्हा भरपूर पाणी घालून सगळं ओतून दिलं. माझ्यात उरला तो नुसता काळा चिखल.

संध्याकाळी वैदेहीने मनगटावरचा लाल चट्टा पाहिला. आधी तिने मलम लावलं आणि मग तिचा आवाज चढला. "डोळ्यांत उडालं असतं तर आई? कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कुणीच नाही," कुंदाताई म्हणाल्या. "चुकलंच माझं. आता तुझ्या त्या साबणाला मी हात लावायची नाही."

आणि खरंच, त्या साबणाच्या सामानाकडेही बघेनात. वैदेहीने साबणाचा विषय काढला की त्या आतल्या खोलीत जाऊन पडायच्या. दिनानाथांनी गंमत करून पाहिली, "काय केमिस्टबाई, आज प्रयोग नाही?" तर त्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या. मला माझ्या भोकाचं एवढं वाटत नव्हतं. पण ही बाई आता कायमची बसूनच राहणार की काय, या विचाराने माझा जीव अर्धा झाला होता.

रविवार आला. वैदेहीने साबणाचं सामान काढलंच नाही. चहाचे दोन कप घेऊन ती बाल्कनीत आली आणि सासूला बोलावून शेजारी बसवलं.

"आई, एक विचारू? तुम्हाला यातलं काय करायला आवडेल?"

कुंदाताई कितीतरी वेळ चहाच्या वाफेकडे बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "मला ती रंगाची धार सोडायचीय. तू सोडतेस ना, तशी."

"मग सांगायचं नाही का?"

"तू विचारलंस कधी? तुझं आपलं, आई तुम्ही बसा!"

वैदेहीने जीभ चावली. कुंदाताईंनी तिच्या पाठीवर थोपटलं. "जाऊ दे. कर आजच. पितर काही साबणावर रागवायचे नाहीत."

"छे! घटस्थापनेलाच करू. दिवाळीपर्यंत चार आठवडे मिळतात, तेवढे पुरतात. पण एक सांगते, कॉस्टिकला हात मीच लावणार."

"लाव बाई. मला कशाला हवाय तो राक्षस!"

घटस्थापनेला दोघींनी साबण केला. वैदेहीने घोटलं, ओतलं आणि कुपी सासूच्या हातात दिली. धार कधी जाड, कधी बारीक. कुंदाताई श्वास रोखून आकाशकंदील काढत होत्या. शौनक मागून डोकावला. "वा आई, वांगं छान जमलंय."

"कंदील आहे रे मेल्या! त्या शेपट्या दिसत नाहीत?"

"मला वाटलं देठ."

सगळे इतके हसले की वैदेही शेजारी काढत होती त्या पणतीची ज्योत वाकडी झाली. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला वैदेहीने वड्यांतून नेमका तोच कंदील उचलला. "हा माझा," म्हणाली, "बाकीचे तुम्ही वाटून घ्या."

मित्रांनो, उद्या भंगारवाला येणार आहे. मला दुःख नाही. मी वितळेन आणि पुन्हा काहीतरी होईन. जुन्या वस्तू टाकू नका, असं तुम्ही पुष्कळदा ऐकलं असेल. ते खरंच आहे. पण जुनं आहे, चालेल, असं म्हणून जुन्याला वाटेल त्या कामाला जुंपू नका, आणि जपायच्या नावाखाली नुसतं बसवूनही ठेवू नका. वस्तूला बोलता येत नाही, तिच्याबद्दल जाणत्याला विचारा. माणसाला मात्र बोलता येतं. त्याच्याजवळ बसा, त्यालाच विचारा, आणि उत्तर यायला वेळ लागला तर चहा गार होईपर्यंत थांबा.