आजचा दीनविशेष

मित्रांनो, हातात लाल पेन असेल तर आधी खाली ठेवा. वरच्या शब्दात चुकून दुसरी वेलांटी पडली आहे, हे मलाही ठाऊक आहे. साठ वर्षांपूर्वी ती माझ्या कपाळावर पांढऱ्या ऑइलपेंटने पडली. तेव्हापासून आलेल्या प्रत्येक साहेबाने आणि प्रत्येक नव्या मास्तराने ती मला दाखवून दिली आहे. मी एक जुना फळा आहे. शाळेच्या ओटीवर टांगलेला. आज कोण जन्मलं, कोण वारलं, जगात काय घडलं, ते रोज सकाळी अंगावर घ्यायचं आणि दुसऱ्या सकाळी पुसून घ्यायचं, हेच माझं काम.

गावाचं नाव सांगत नाही, उगाच कुणाला लागायला नको. धरमतरच्या खाडीला लागून आहे, एका अंगाला मिठागरं आणि दुसऱ्या अंगाला खारबांधाआड भातशेती, एवढं पुरे.

मी मूळचा मचव्याचा. खाडीतून मीठ वाहणारा एक मचवा म्हातारा होऊन मोडीत निघाला, तेव्हा कमळाकर गुरुजींनी त्याच्या चार फळ्या मागून आणल्या. सुताराने त्या जोडल्या आणि घासल्या. गुरुजींनी स्वतः करवंटीचा कोळसा वाटून मला काळं केलं. लाकडात मुरलेलं मीठ मात्र गेलं नाही. पावसाळा आला की मला अजून घाम सुटतो, आणि ओला खडू समोर येईल त्याला चिकटतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

अक्षरं काढायला पेणहून नाथा आला. तो गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे रंगवायचा. हात असा, की बघत राहावं.

“नाथा, अरे वेलांटी चुकली,” गुरुजी म्हणाले. “दिन म्हणजे दिवस. तू दीन लिहिलंस. दीन म्हणजे गरीब, बिचारा.”

नाथा चार पावलं मागे सरला. माझ्याकडे बघितलं, मग शाळेच्या गळक्या कौलांकडे बघितलं. “मग बरोबरच हाय की, गुरुजी! आणि ही दुसरी वेलांटी सोंडेसारखी दिसते. पयली घातली तर गणपती नकटा दिसेल.”

गुरुजी इतके हसले, की पुसायचं राहूनच गेलं.

पहिली काही वर्षं मी मोठ्या दिमाखात होतो. गांधीजी, टिळक, शिवाजी महाराज, चंद्रावर सुटलेली यानं, कुठल्याशा देशाचं स्वातंत्र्य, सगळे माझ्या अंगावर येऊन गेले. पण हळूहळू मला एक गोष्ट खुपायला लागली. वर्षाच्या तीनशे पासष्ट दिवसांत आमच्या गावात म्हणून कधी काही घडतच नव्हतं. कुणी जन्मत नव्हतं आणि कुणी मरत नव्हतं. निदान माझ्यावर तरी नाही.

मग एकोणीसशे एकसष्ट साल आलं. अकरा सप्टेंबर, सोमवार. गणपतीला दोन दिवस होते. त्या सकाळी गुरुजींनी वर तारीख घातली आणि खाली लिहिलं, ‘१८९५ : विनोबा भावे यांचा जन्म, गागोदे बुद्रुक, तालुका पेण.’ तालुका पेण या शब्दांखाली त्यांनी दोन रेघा मारल्या. मुलांना म्हणाले, “बघा रे, आपल्या तालुक्यातला माणूस फळ्यावर आला.”

दुपारी उधाणाची भरती चढली, आणि बांधावरून ओरडा आला, “खांड गेली! खांड गेली!”

बांध फुटून खाडीचं पाणी शेतात घुसलं, की त्या भगदाडाला आमच्याकडे खांड म्हणतात. सगळं गाव चिखलाच्या पाट्या घेऊन धावलं. त्यात मिठागरावर काम करणारी कृष्णाबाई होती. दिवस भरलेले होते, पण शेत वाहून जायला लागल्यावर घरी कोण बसतं? तिसऱ्या पाटीला ती बांधावरच खाली बसली. घराकडची वाट पाण्याखाली गेलेली. तिला उचलून न्यायला काहीतरी हवं म्हणून मचव्यावर काम करणारा तरुण काळुराम आणि आणखी तिघे जण धावत शाळेत आले.

गुरुजींनी मला खिळ्यावरून काढलं, आणि सवयीने फडकं हातात घेतलं. “थांबा रे, पुसू द्या. बाबांचं नाव आहे, त्यावर कुणाचा पाय पडायला नको.”

काळुराम त्यांच्या अंगावर खेकसला, “गुरुजी, गागोद्याचे बाबा काय रुसणार हायत व्हय? बाय आडलीय तिकडं!”

त्याने मला हिसकावून खांद्यावर घेतलं. गुडघाभर पाण्यातून चौघांनी कृष्णाबाईला माझ्यावर निजवून मारुतीच्या देवळापर्यंत आणलं. ओट्यावर मला टेकवलं मात्र, आणि हौसा सुईण पोहोचायच्या आत मुलगी झाली. माझ्यावर. मित्रांनो, शेकडो थोरामोठ्यांचे जन्म माझ्यावर लिहिले गेले. खरोखर माझ्यावर जन्मलेली ती एकटी.

माझ्यावरचा ओला खडू कृष्णाबाईच्या काळ्या लुगड्याला लागला. तारीख, साल, गागोदे, सगळं तिच्या पाठीवर उलटं उमटलं. बायकांना वाचता येत नव्हतं. ज्यांना येत होतं ते गुरुजी बांधावर चिखल टाकत होते. दुसऱ्या दिवशी लुगडं धुतलं गेलं. त्याच दिवाळीत गुरुजींची रोह्याला बदली झाली.

तेव्हापासून ती तारीख फक्त मला ठाऊक. आणि मला तोंड नाही.

मुलीचं नाव सगुणा ठेवलं. सहा वर्षांनी कृष्णाबाई तिला शाळेत घालायला आली. नवे हेडमास्तर रजिस्टर उघडून बसले होते.

“जन्मतारीख?”

“गणपतीच्या दोन दिस आधी झाली. खांड गेली त्या वर्साला.”

“अहो बाई, गणपती दर वर्षी वेगळ्या तारखेला येतात. तारीख सांगा, तारीख.”

“तारीख ह्या फल्यावं व्हती,” कृष्णाबाईने माझ्याकडे बोट केलं. “त्याला इचारा.”

ओटीवरचे सगळे हसले. हेडमास्तरही हसले. मी हसलो नाही. एक जुनं पंचांग काढून बघायचं, एवढंच काम होतं हो! पण त्यांनी टाक बुडवला आणि लिहिलं, १ जून १९६१.

तुमच्या आजी-आजोबांना विचारा, त्यांच्यातल्या निम्म्यांचा वाढदिवस एक जून निघेल. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. पोर सहा वर्षांचं दिसलं की मास्तर एक जून लिहून मोकळे. सगुणाच्या वर्गात एकतीस पोरं होती, त्यातली अठ्ठावीस एक जूनची. परक्या माणसाने रजिस्टर वाचलं असतं तर त्याला वाटलं असतं, आमच्या बायका वर्षातून एकदाच, सगळ्या मिळून बाळंत होतात.

पुढे हेडमास्तरांनी माझ्या खालच्या कोपऱ्यात ‘आजचे वाढदिवस’ लिहायची टूम काढली. ज्याचं नाव येईल त्याला सगळी शाळा टाळ्या वाजवायची. तलाठ्याचा मुलगा आला, हेडमास्तरांच्या दोन मुली आल्या. बाकीच्यांचं काय? एक जूनला उन्हाळ्याची सुट्टी असायची, आणि सुट्टीत मला तोंड भिंतीकडे करून टांगून ठेवायचे. अख्ख्या गावाचा वाढदिवस, आणि मी भिंतीकडे तोंड करून उभा!

सगुणाचं अक्षर मोत्यासारखं होतं. चौथीत माझ्यावर रोज तीच लिहायची. त्या वर्षीच्या अकरा सप्टेंबरला टाचा उंचावून तिने गागोद्याच्या विनोबांचा जन्म लिहिला, हाताचा खडू परकराला पुसला आणि वर्गात निघून गेली. स्वतःच्याच वाढदिवसाची तारीख तिने स्वतःच्या हाताने लिहिली होती. मी किती ताणलो म्हणून सांगू! माझी एक जोड त्या दिवशी उकलली. सगळे म्हणाले, लाकूड फुगलंय.

“सर, आमचा वाढदिवस कवा लिवायचा?” तिने एकदा विचारलं.

“सुट्टीत येऊन लिही!” सर म्हणाले, आणि वर्ग हसला.

ती खरंच आली. एक जूनच्या टळटळीत दुपारी एकटीच ओटीवर चढली, मला वळवलं आणि खडूच्या तुकड्याने कोपऱ्यात लिहिलं, ‘सगुणा’. थोडा वेळ बघत उभी राहिली. मग तळहाताने पुसून टाकलं. “हा माझा दिस नाय,” एवढंच बोलली, आणि मला पुन्हा भिंतीकडे वळवून गेली.

मित्रांनो, त्यानंतरची वर्षं कशी सांगू? चिडण्यात गेली. एका सरांनी एका पुढाऱ्याची पुण्यतिथी जयंती म्हणून लिहिली आणि पोरांना टाळ्या वाजवायला लावल्या. एक बाई फक्त सिनेमावाल्यांचे वाढदिवस लिहायच्या. क्रिकेटवाल्यांना तर सुमारच नव्हता. सगुणाचं लग्न गावातच झालं, मुलं झाली, कृष्णाबाई गेली. कृष्णाबाई गेल्याचंही माझ्यावर कुणी लिहिलं नाही. पुढे शाळेत खिचडी शिजायला लागली तेव्हा सगुणा मदतनीस म्हणून आली, आणि रोज सकाळी ओल्या फडक्याने मला पुसायला लागली. पोरं चिडवायची, “सगुणामावशी, तू फळ्यावर झालीस ना?” ती म्हणायची, “झाले रं, पन कवा ते फळ्यालाच ठावं.”

शेवटी रोह्याच्या कुठल्याशा कंपनीने शाळेला मोठा टीव्ही दिला. दिनविशेष त्यावर रंगीत दिसायला लागला, गाण्यासकट. मला स्वयंपाकघरात नेऊन पालथं टाकलं, आणि ओल लागू नये म्हणून माझ्यावर तांदळाच्या गोणी रचल्या. साठीला आलेल्या सागवानाचं हे असं झालं.

दोन हजार अठरा साली पुन्हा अकरा सप्टेंबर आला, आणि पुन्हा गणपती दोन दिवसांवर होते. नेमकी परिपाठाच्या वेळी लाईट गेली. रोह्याहून एसटीने येणाऱ्या मैना मॅडम टीव्हीपुढे कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या. “सगुणाताई, तो जुना फळा आहे का हो?”

गोणी हलल्या. मला ओटीवर आणलं, पुसलं, भिंतीला टेकवलं. माझं कपाळ वाचून मॅडमना हसू आलं, ते सवयीचंच. मग त्यांनी लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, “विनोबा भावे यांचा जन्म, गागोदे बुद्रुक, आपला पेण तालुका.”

पायरीवर काळुराम बसला होता. ऐंशीच्या पुढचा. बरीच वर्षं मुलाकडे रोह्याला होता, गणपतीसाठी गावी आलेला. तो मान वर करून म्हणाला, “ह्या फल्यावरचं हे नाव मी पुसू दिलं नव्हतं.”

“काय म्हणता, बाबा?”

“कमळाकर गुरुजी फडकं घेऊन पुसाय लागलं. मी वरडलो, गागोद्याचे बाबा काय रुसणार हायत, बाय आडलीय तिकडं!” त्याने काठीने सगुणाकडे दाखवलं. “ही बाय तवा पोटात व्हती की तिच्या!”

सगुणाच्या हातात खिचडीचा डाव होता. तो तसाच राहिला.

मॅडमनी मोबाईल काढला. “एकसष्ट साल ना? गणपती... तेरा सप्टेंबर. ताई, आई काय म्हणायची तुमची?”

“दोन दिस आधी.” सगुणा म्हणाली. मग ती काळुरामवर उसळली, “काळूबाबा, सत्तावन वर्सं झाली! ह्ये आधी का नाय सांगितलंस?”

“इचारलं कोनी गो? मना तर सगले भरती-ओहोटीच इचारतात!”

“म्हणजे आजच!” म्हणत मॅडमनी खडू तिच्यापुढे केला. सगुणाने हात पदराला पुसले. अक्षर अजून तसंच मोत्यासारखं होतं. ‘१९६१ : खारबांधाला खांड गेली. त्या दिवशी कृष्णाबाईची सगुणा जन्मली.’ शाळेत सोळा पोरं उरली आहेत, पण टाळ्या शंभरांच्या वाजल्या. एक चुणचुणीत मुलगी पुढे आली. “मॅडम, दीन चुकलंय. दुसरी वेलांटी आहे. पुसून नीट करू?”

“राहू दे गो,” सगुणा म्हणाली. “ते आपलंच हाय.”

गोष्ट इथे गोड संपली असं समजू नका. तिच्या रजिस्टरात, आधार कार्डात, सगळीकडे अजून एक जूनच आहे. मॅडम चौकशी करून आल्या. ती तारीख बदलायला इतके कागद लागतात, की सगुणाच म्हणाली, जाऊ द्या. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, म्हणजे हात असते तर जोडले असते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, तुमचा जन्म झाला तेव्हा काय घडलं होतं? पाऊस होता का, सण कुठला होता, कोण धावत आलं? त्यावरून तारीख शोधा आणि लिहून ठेवा. माझ्यासारख्याच्या भरवशावर राहू नका.

दुसऱ्या दिवशी लाईट आली आणि टीव्ही गाऊ लागला. सगुणा ओलं फडकं घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. स्वतःचं नाव पुसायला तिला जरा वेळ लागला, पण पुसलं. मला आत नेऊन गोणींखाली सरकवता सरकवता म्हणाली, “पुढल्या वर्साला परत लिवायचंय. ध्यानात ठेव.”

बाई गं, सत्तावन्न वर्षं मी दुसरं काय केलं?