बंद पाकिटातला शब्द

नेरूळ गावठाणातल्या गोटीराम शेठच्या हॉलमध्ये लग्नालाही होत नाही एवढी गर्दी त्या रविवारी सकाळी झाली होती. खुर्च्या संपल्या, सतरंज्या संपल्या, आणि उशिरा आलेली माणसं खिडकीचे गज धरून बाहेर उभी राहिली. स्टेजवर दहा वर्षांची एक मुलगी डोळ्यांवर काळी पट्टी बांधून बसली होती. तिच्या शेजारी राजवर्धनजी उभे होते. अंगात डॉक्टरसारखा पांढरा कोट आणि त्यावर रुद्राक्षांच्या दोन माळा. कोट विज्ञानवाल्यांसाठी, माळा भक्तांसाठी. कुठलंच गिऱ्हाईक सुटायला नको.

"मंडळी, मेंदूच्या मधोमध आपला तिसरा डोळा झोपलेला असतो," राजवर्धनजी माईकवर म्हणाले. "परदेशातले सायंटिस्ट अजून तो शोधतायत. आपल्या ऋषींनी तो केव्हाच वापरून ठेवून दिलाय. आपण एकवीस दिवसांत तो जागा करतो. अर्ध्या क्वांटम लहरी, अर्धी सरस्वतीची कृपा. टेन्शन नाय, क्लास नाय, गाईड नाय. मूल परीक्षेला बसतं, डोळे मिटतं, आणि उत्तर आपोआप येतं."

मग त्यांनी एक सीलबंद पाकीट गोटीराम शेठच्या हातात दिलं. पाकिटात चार शब्द होते आणि बरोबर शब्दाखाली रेघ मारलेली होती. मुलीनं ते पाहिले नव्हते, पाहणं शक्यही नव्हतं. राजवर्धनजींची मदतनीस प्रिया हिनं माईक घेतला आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करत वाचलं, "थोरला भाऊ दिवसभर लोळत पडायचा, धाकटा मात्र पहाटेपासून राबायचा. धाकटा फार टिंब टिंब होता."

मुलीनं मान थोडी वर केली आणि म्हणाली, "कष्टाळू."

गोटीराम शेठनं पाकीट फाडलं. घमेंडखोर, कष्टाळू, लबाड, विसराळू. रेघ कष्टाळूखाली होती. टाळ्या अशा पडल्या की हॉलमागची कबुतरं उडाली.

दुसरं पाकीट. प्रिया वाचू लागली, "बढाया मोठ्या मारायचा, पण अंधारात एकटं जायची वेळ आली की थरथर कापायचा. असा तो टिंब टिंब होता." मुलगी म्हणाली, "भित्रा." पाकिटातून निघालं भेकड. राजवर्धनजी जराही गडबडले नाहीत. "बघा! तिसरा डोळा अक्षर वाचतच नाही, तो डायरेक्ट अर्थ बघतो," ते म्हणाले, आणि या टाळ्या पहिल्यापेक्षा मोठ्या होत्या. चूकसुद्धा चमत्कारात जमा करायची, तर असा हात हवा.

शेवटच्या रांगेत सुनयनाबाई बसल्या होत्या. पालिकेच्या शाळेत त्या पाचवीला मराठी शिकवत, आणि स्टेजवरची मुलगी, ज्ञानेश्वरी, त्यांच्याच वर्गातली होती. कार्यक्रम संपल्यावर बाईंनी पुढे जाऊन ती पट्टी स्वतःच्या डोळ्यांना लावून पाहिली. काळीकुट्ट, तिहेरी कापडाची. फाटकी पाकिटं उजेडात धरून पाहिली. कागद जाड होता. कुठंतरी भोक असणार, कुठंतरी खूण असणार, असं घोकत त्या उभ्या राहिल्या आणि त्यांना काहीही सापडलं नाही.

ज्ञानेश्वरीचे वडील कृष्णात हात जोडून समोर आले. हे मूळचे साताऱ्याकडचे, तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात माथाडी. "बाई, पोरीला देवानं दिलंय. आता त्या बोर्डिंगच्या साळंत नंबर लागलाच म्हणायचा," ते म्हणाले.

ती निवासी शाळा म्हणजे या घराचं एकुलतं एक दार होतं. बारावीपर्यंत राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं फुकट. प्रवेश परीक्षा पाचवीतच द्यायची आणि वयाच्या अटीमुळे आयुष्यात एकदाच. ज्ञानेश्वरीसाठी तो फॉर्म बाईंनीच भरला होता. परीक्षेला दोन आठवडे उरले होते.

"तिला वाचायला बसवा हं रोज," बाई म्हणाल्या.

"न्हाई बाई. गुर्जींनी वाचन बंद सांगितलंय. वाचलं की वरचा डोळा मंदावतो म्हनं. पेपरात बी डोळं मिटायचं, शब्द आपसूक येतोय."

"अहो, परीक्षेआधी वाचायचं नाही? हे कुठलं शास्त्र?"

"तुमचं पुस्तकातलं हाय बाई. गुर्जींचं वरचं हाय."

मधे गोटीराम शेठ पडले. "बाय, तू मास्तरीन हाय, बरोबर हाय. पन देवाचे कामान मधी नको बोलू," ते म्हणाले. बाई गप्प बसल्या. पट्टीत भोक नव्हतं, पाकीट जाड होतं, आणि बापाच्या तोंडावरचा आनंद असा होता की त्यावर हात उगारायचं धैर्य त्यांना झालं नाही. आपल्याला फसवणूक सिद्ध करता येत नाही म्हणून ती फसवणूक नाही, असं थोडंच असतं? पण त्या गप्प बसल्या खऱ्या.

परीक्षा झाली. महिन्याभरानं यादी लागली आणि यादीत ज्ञानेश्वरीचं नाव नव्हतं. वर्गात सगळ्यांत पुढं असलेल्या मुलीला मराठीत पन्नासपैकी अकरा गुण होते. त्या दिवसापासून ती शाळेत आली ती खाली मान घालून. धडा वाचायला सांगितला की नकारार्थी मान हलवी. चौथ्या दिवशी बाईंनी तिला मधल्या सुट्टीत जवळ बसवलं.

"पेपरात काय झालं गं?"

ती खाली बघतच म्हणाली, "डोळे मिटले. शब्द आलाच नाय, बाई. हॉलमध्ये प्रियाताई वाक्य वाचते, मग शब्द येतो. तिथं कोन वाचनार? मी लय वेळ वाट बघितली. मग बेल व्हायला आली तर भीती वाटली, मग कुठलेपन गोळे काळे केले."

वाक्य. सगळा हॉल पाकिटाकडे डोळे लावून बसला होता, आणि त्यांच्यात बाईही होत्या. प्रिया माईकवर काय वाचते आहे, याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

संध्याकाळी त्या कृष्णातकडे गेल्या आणि मुलीला शक्ती आहे हे पहिल्यांदा कधी कळलं, ते विचारलं. कृष्णात म्हणाले, "बाई, ती जिमिनीवर पुस्तक घिऊन बसायची. खालचं चार शब्द तळहातानं झाकायची, आन् न बघता उत्तर सांगायची. मग हात काढला की तेच. मी म्हनलं, हे काय मानसाचं काम न्हवं. बाजारात बोललो, तर एकानं गुर्जींचा पत्ता दिला."

तळहातानं पर्याय झाकायची ही सवय सुनयनाबाईंनीच लावली होती. चारही पर्याय आधी वाचले की मुलं गोंधळतात, म्हणून त्या गेली सोळा वर्षं प्रत्येक वर्गाला सांगत आल्या होत्या: आधी हात ठेवा, वाक्य नीट वाचा, रिकाम्या जागी काय बसेल ते स्वतःच्या मनानं म्हणा, आणि मगच हात काढा. बापानं अभ्यास पाहिला आणि त्याला तो साक्षात्कार वाटला. राजवर्धनजींनी तळहाताच्या जागी पट्टी आणि पाकीट आणलं, एवढीच काय ती त्यांची विद्या. आणि बाई! रोज वर्गात जे शिकवतात तेच त्यांनी माईकवरून ऐकलं आणि ओळखलं नाही. या गोष्टीची त्यांना स्वतःची इतकी चीड आली की घरी जाताना दोन वेळा रस्ता चुकला.

"उद्या हॉलवर शुद्धी हाय तिची," बाई निघताना कृष्णात म्हणाले होते. "परीक्षेआदल्या दिवशी तिनं वडापावचा कागद वाचला हुता म्हनं. म्हनून शक्ती गेली."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, हॉल पुन्हा भरला. ज्ञानेश्वरीला स्टेजवर उभं केलं होतं आणि माईक तिच्या तोंडासमोर धरला होता. "मी कागद वाचला," ती म्हणाली. "मोठ्यानं," राजवर्धनजी म्हणाले. "मी वडापावचा कागद वाचला. माझी चूक झाली." दहा वर्षांच्या मुलीनं वाचल्याबद्दल चारशे माणसांपुढं माफी मागितली आणि चारशे माणसांनी ती ऐकून घेतली. पहिल्या ओळीत तिची आजी राहीबाई पदर तोंडाला लावून बसली होती. आजवर हॉलवर न आलेली ही म्हातारी नातीसाठी आज पहिल्यांदाच आली होती.

मग पट्टी बांधली गेली. प्रियानं वाक्य वाचलं, मुलीनं शब्द सांगितला, पाकिटातून तोच निघाला. "शक्ती परत आली," राजवर्धनजी म्हणाले. "श्रद्धा कमी पडली की जाते, श्रद्धा वाढली की येते. यश गुरूचं, अपयश ज्याचं त्याचं."

सुनयनाबाई उठून स्टेजवर गेल्या. "एक विनंती माझ्यातर्फे," त्या म्हणाल्या. "पाकीट तुमचंच असू द्या, पट्टी तुमचीच असू द्या. फक्त प्रियाताईंनी वाक्य वाचायचं नाही. तिसरा डोळा पाकिटातलं बघतो ना? बघू दे."

राजवर्धनजी हसले. "संशयी माणसासमोर लहरी तुटतात, मॅडम."

पण गोटीराम शेठना आता उत्सुकता वाटली होती. "बघू तं द्या," ते म्हणाले आणि त्यांनी स्वतः पाकीट उचललं. हॉल थांबला. मुलगीही थांबली. तिचे ओठ हलले, मान इकडून तिकडे झाली, पट्टीखालून पाणी गालावर आलं. "नाय येत," ती म्हणाली. बाईंनी तिची पट्टी काढली आणि तिला जवळ घेतलं. हे करताना त्यांना स्वतःचा राग आला, पण दुसरा इलाज नव्हता.

मग त्यांनी पिशवीतून स्वतःची दोन पाकिटं काढून गोटीराम शेठकडे दिली आणि माईक घेऊन राहीबाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "आजी, शाळेत किती शिकलात?"

"साळंचं तोंड बी बघितलं न्हाई."

"बरं, ऐका. वर्षानुवर्षं गोण्या वाहून वाहून हमालाच्या खांद्याला टिंब टिंब पडले होते."

"घट्टं," राहीबाई म्हणाल्या. त्यात विचार करायचं काय, असा त्यांचा चेहरा होता.

गोटीराम शेठनं पाकीट फाडून वाचलं. काटे, पाढे, घट्टे, वाडे. रेघ घट्टेखाली. हॉलमध्ये कुजबूज सुरू झाली.

"आता सगळ्यांनी सांगा. विहीर आटली, टँकरही आला नाही, म्हणून बायका पाण्यासाठी टिंब टिंब फिरत होत्या."

"वणवण," निम्मा हॉल एकदम म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागला. पाकिटातून वणवण निघालं.

"राहीबाई, तुमचा तिसरा डोळा कधी उघडला?"

"मला दोनच हायती बाई, आन् त्यात बी मोतीबिंदू हाय."

लोक हसले. राजवर्धनजींनी तेवढ्यात माईक ओढला. "पाहिलंत! हॉलमध्ये एवढी ऊर्जा साठलीय की सगळ्यांचाच नेत्र उघडला." आणि खरं सांगायचं, तर दोन-तीन रांगांमधून टाळ्याही आल्या. माणसाला लुबाडलं जाण्यापेक्षा आपण लुबाडले गेलो हे कबूल करणं जड जातं.

"बस झाला, गुरुजी," गोटीराम शेठ म्हणाले. "म्हातारी आज पयलेच आयलीय. तुजे एकवीस दिवस कवा झाले तिचे? सामान उचल."

"शब्द पाकिटात नव्हता," बाई सांगू लागल्या. "तो वाक्यात होता. खांदा आहे, गोण्या आहेत, वर्षानुवर्षं आहेत, मग घट्टेच पडणार. 'पण' आलं की पुढं उलटं येणार, 'म्हणून' आलं की आधी कारण असणार. बाकीचे शब्द हरवलेल्या शब्दाकडे बोट दाखवतात. प्रियाताई वाक्य वाचत होत्या म्हणून हिला उत्तर येत होतं. परीक्षेत हिला डोळे मिटायला सांगितलं, म्हणजे वाक्यच काढून घेतलं. पट्टी आणि पाकीट तुम्हाला बघायला दिलं होतं, वाक्याकडे तुमचं लक्ष जाऊ नये म्हणून."

ज्ञानेश्वरी त्यांच्या कमरेशी उभी होती. तिनं हळूच विचारलं, "बाई, म्हंजे शब्द मलाच येत होता?"

"तुलाच."

"पट्टीमुळं नाय? गुर्जींमुळं नाय?"

"नाही. तू वाचत होतीस, म्हणून."

मुलीच्या तोंडावर यादी लागल्यापासून पहिल्यांदा हसू आलं. "मग मी परत बसते परीक्षेला. डोळे उघडे ठेवून."

बाईंना खोटं बोलता आलं असतं. समोर कृष्णात होते; त्यांना ती अट माहीत होती आणि ते दोन्ही हातांनी डोकं धरून खाली बसले होते. "ती परीक्षा एकदाच देता येते, बाळा," बाई म्हणाल्या.

बाईंनी माईक पुन्हा हातात घेतला, आणि त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा राहिला नव्हता.

"तुमच्या मुलाला एखादी गोष्ट जमली, तर ती कुणाच्या पायावर नेऊन घालू नका. आधी मुलाला जवळ बसवून विचारा, कसं जमलं ते सांग. ते सांगेल. त्याला सगळं माहीत असतं. आणि कुणी डोळे मीट म्हणालं, वाचू नकोस म्हणालं, तर त्याच्या पाया पडण्याआधी का, ते विचारा. कृष्णातरावांनी विचारलं नाही. मी मास्तरीण असून पट्टीतलं भोक शोधत बसले, मीही विचारलं नाही. आम्हा दोघांना काही झालं नाही. शिक्षा हिला झाली."