एकशे तीसच्या आत

आकडा एकशे तीसच्या वर गेला की जिथे असाल तिथे उतरायचं, आणि घरी आल्यावर सायकल विकून टाकायची. हा आमच्या ह्यांचा आणि माझा करार होता, आणि तो मी भांडून मिळवला होता. बायपासला नऊ महिने झाले होते. डॉक्टर म्हणाले, "चालवा की. फक्त ठोके मिनिटाला एकशे तीसच्या आत ठेवा." डॉक्टरांचं काय जातंय म्हणायला? ऑपरेशनच्या दिवशी ते आत होते. बाहेरच्या बाकावर सहा तास मी बसले होते.

त्या रविवारी शंभर किलोमीटरची फेरी होती, आजारपणानंतरची पहिली. वाटेत नऊ किलोमीटरचा सलग चढ. ह्यांच्या छातीला पट्टा, पट्ट्याने मोजलेले ठोके खिशातल्या फोनवर, आणि तिथून माझ्या फोनवर. म्हणजे नकाशावर एक निळा ठिपका आणि ठिपक्याशेजारी आकडा. शिवाय मागे स्कूटरवर माझा धाकटा भाऊ. त्याला लहानपणापासून सगळे पैलवान म्हणतात, कारण बूट बांधतानाही त्याला दम लागतो.

मी कापड कापते. शाळांच्या गणवेशांच्या कारखान्यात कटिंगचं टेबल माझं आहे. चाळीस थर एकावर एक अंथरायचे, वर खडूने खुणा करायच्या आणि मशीन फिरवायचं. एक चूक झाली की चाळीस शर्ट वाया. ऑर्डर तुंबली होती म्हणून रविवारीही आले होते. फोन खडूच्या डब्याला टेकवून ठेवला होता.

पावणेदहाला ठिपका चढाला लागला. अर्धा तास झाला तरी आकडा शहाऐंशीच. मला इतकं बरं वाटलं की शेजारच्या काजेवालीला बोलावून दाखवलं. "बघ, डोंगर चढतोय माणूस, आणि ठोके बघ."

ती म्हणाली, "माझे तर इथे बसल्या बसल्या एवढे असतील."

ती गेली आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. आमच्या घराचे तीन जिने चढले की ह्यांचा आकडा एकशे बारा होतो. मी स्वतः पंधरा दिवस मोजलाय. मग डोंगरावर शहाऐंशी कसा?

मशीन बंद केलं. तेवढ्यात ठिपका थांबला आणि आकडा वर जायला लागला. अठ्ठ्याण्णव. एकशे चौदा. एकशे सव्वीस. माणूस जागच्या जागी उभा आणि ठोके वाढतायत. एकशे तेहतीस. मी ह्यांचा नंबर लावला.

पाच रिंगांनी फोन उचलला. पलीकडे कुणीतरी धापा टाकत होतं.

"अहो, खाली बसा. बसा आधी."

"ताई..." आवाज पैलवानाचा होता.

"ह्यांचा फोन तुझ्याकडे कसा? कुठे आहेत ते?"

"पुढे आहेत. ठीक आहेत."

"मग तू का धापा टाकतोयस?"

मी दरडावलं तेव्हा त्याने सगळं भडाभडा ओकलं. चढाच्या पायथ्याशी ह्यांनी पट्टा काढून त्याच्या छातीला बांधला होता. पट्टा तिथे फोन, म्हणून फोनही त्याच्या खिशात. पण स्कूटरवर बसलेल्या माणसाचे ठोके ते किती असणार? ताईला संशय येईल म्हणून हा शहाणा रस्त्याच्या कडेला थांबून बैठका काढत होता.

"किती काढल्यास?"

"तीस. भावजी म्हणाले होते वीस पुरे."

दुसऱ्या कुठल्या दिवशी मी हसले असते. "म्हणजे आत्ता त्यांच्या छातीला पट्टा नाही, खिशात फोन नाही आणि मागे तूही नाहीस. किती वेळ झाला?"

"चार-पाच मिनिटं."

"फोन बंद करू नकोस. स्कूटर काढ."

स्कूटरची घरघर ऐकू यायला लागली. मी दोन्ही हातांनी टेबल धरून उभी होते. अजूनही पडद्यावर आकडा दिसत होता, पण आता तो माझ्या भावाचा होता. एकशे दहा. एकशे चार. ठिपका एका वळणावरून गेला, मग दुसऱ्या. काजेवाली येऊन माझ्या पाठीशी उभी राहिली.

तिसऱ्या वळणावर आकडा एकदम एकशे अडतीस झाला. बैठका न काढता.

"काय दिसलं?" मी विचारलं. "अरे, बोल."

"सायकल आडवी पडलीय, ताई."

"आणि ते?"

स्कूटर बंद झाल्याचा आवाज आला, मग पावलांचा. तेवढ्यात मी देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही, फेडता फेडता म्हातारी होईन.

"कठड्यामागे बसलेत," पैलवान म्हणाला. त्याला रडू आलं होतं. "सावलीत बसलेत. बोलतायत."

"दे त्यांना. अहो, मानेवर बोटं ठेवा आणि मोठ्याने मोजा."

ते निमूटपणे मोजायला लागले. समोरच्या घड्याळात मी अर्धं मिनिट बघत होते. एकोणसाठला मी थांबवलं. म्हणजे एकशे अठरा.

"फार धडधडलं," ते म्हणाले. "म्हणून उतरलो. छातीत दुखत नाहीये, खरंच. घाबरलो होतो. आता कमी होतंय."

"मग पट्टा का काढलात? तोंडावर खोटं का बोललात माझ्याशी?"

"तो असता तर तू फोन करून म्हणाली असतीस, उतरा. मी उतरलोही असतो. नऊ महिने झाले, ऊठ म्हटलं की उठतो, बस म्हटलं की बसतो. कधी थांबायचं हे माझं मला कळतं का, तेवढं बघायचं होतं."

राग इतका आला होता की समोर असते तर काही खरं नव्हतं. पण कळलं होतं त्यांना. मी सांगायच्या आधी, कुठलाही आकडा न बघता हा माणूस आपण होऊन उतरला होता.

"वर अजून किती आहे?" मी विचारलं.

"चार किलोमीटर. पण आता करार मोडलाच आहे मी. येतो परत. विकू सायकल."

"पट्टा बांधा आधी. धडधड पूर्ण थांबेपर्यंत बसून राहा, थांबली की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पैलवान दहा हातांवर राहील."

"म्हणजे? तू रागावली नाहीस?"

"रागावलेय तर. वर जाऊन या. माझा राग कुठे जात नाही."